हरवलेलं अक्षर शोधून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

त्या संध्याकाळी दुकानाचं शटर निम्मं खाली आलं होतं. माझ्या हातात लॅपटॉप आणि आर्डुइनो (प्रोग्राम चढवता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बघून तुम्ही ते पुन्हा वर केलंत. तेव्हा धड आभारही मानले नाहीत, डोक्यात नुसती आमची बेदाण्याची शेड होती. पत्र उघडं लिहितेय, कारण मी आठ दिवस जिथे अडकले होते तिथे आणखीही कुणी अडकलेलं असणार.

ही शेड तासगावजवळ आहे. रात्री हवा दमट झाली की माल काळा पडतो, म्हणून आर्डुइनोला डीएचटी-२२ हा आर्द्रता मोजणारा सेन्सर लावून नोंद ठेवायची होती. लॅपटॉपवरचा पायथन प्रोग्राम दर दहा मिनिटांनी पोर्ट (बोर्डाशी बोलायची यूएसबीची वाट) उघडायचा, ‘व्ही’ हे एकच अक्षर पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायचा. उत्तर कधीच येत नव्हतं. तेच अक्षर सिरीयल मॉनिटरमध्ये (बोर्डाशी थेट बोलायच्या खिडकीत) हाताने टाइप केलं की मात्र आकडे लगेच हजर! केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, बॉड रेट, म्हणजे अक्षरं पाठवायचा वेग, दोन्हीकडे ९६०० आहे हे शंभरदा बघितलं.

तुम्ही कोडकडे बघितलंही नाहीत. लॅपटॉपचा स्क्रीन भिंतीकडे फिरवलात आणि म्हणालात, “आता फक्त बोर्डाकडं बघ.” मी प्रोग्राम चालवला. ‘एल’ लिहिलेला बारका दिवा दोन-तीनदा लुकलुकला. “बघ की पोरी, तू दार वाजवलंस तवा हा झोपेतनं उठतोय. तुझं बोलणं ऐकणार कोण?”

आठ दिवसांचं कोडं तिथे सुटलं. पोर्ट उघडताना संगणक डीटीआर (‘मी तयार आहे’ अशी खूण करणारी तार) ही रेषा खाली ओढतो, बोर्डावरच्या ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून तो झटका रिसेटला बसतो आणि बोर्ड पहिल्यापासून सुरू होतो. बटण न दाबता नवा प्रोग्राम चढवता यावा म्हणून केलेली ही सोय. ९६०० बॉडला एका अक्षराचे दहा बिट जायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात माझं ‘व्ही’ जाऊन बूटलोडरच्या (बोर्ड सुरू होताना आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) हाती पडायचं आणि माझ्या प्रोग्रामपर्यंत पोचायचंच नाही. हाताने टाइप करेपर्यंत बोर्ड जागा झालेला असायचा, म्हणून मॉनिटरमध्ये सगळं ठीक वाटायचं. डीटीआर तुम्हाला मोडेमच्या काळापासून ठाऊक. मी ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पोर्ट उघडल्यावर दोन सेकंद थांबायचं, एवढ्यावर उत्तरं यायला लागली. मी निघालेच होते. तुम्हीच विचारलंत, “रात्रीतली सगळ्यात जास्त आर्द्रता बोर्डातच साठवतेस ना? मग दर दहा मिनिटाला बोर्ड रिसेट झाला की ती पुसली जाणार.” हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मग जुन्या टीव्हीच्या बोर्डावरून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढलात, मीटरवर तपासलात आणि धन पाय रिसेटमध्ये, ऋण पाय ग्राउंडमध्ये असा माझ्याच हाताने बसवायला लावलात, म्हणजे पोर्ट उघडल्याचा झटका तोच गिळेल आणि बोर्ड रिसेट होणार नाही. नवा प्रोग्राम चढवायला रिसेट लागतो, तेव्हा तो काढायचा, हे दोनदा बजावलंत. ते बजावलं नसतं तर पुढचे आठ दिवस प्रोग्राम का चढत नाही याच्यामागे गेले असते!

काका, त्या रात्री दादा आणि मी शेडमध्येच झोपलो. पहाटे उठून फाइल उघडली तर एकही ओळ रिकामी नव्हती, आणि रात्रीचा कमाल आकडाही शाबूत होता. दादांनी तो वहीत लिहून घेतला. हल्ली रोज लिहितात. प्रोग्राम चढवताना कपॅसिटर काढला की आईने दिलेल्या कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवते, हरवू नये म्हणून.

लॅपटॉप अजून शेडमध्येच, धुळीत ठेवावा लागतो. घर चाळीस मीटरवर, आणि यूएसबीची केबल पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही. निघताना तुम्ही आरएस-४८५ (लांबवर माहिती पाठवायची पद्धत) म्हणाला होता, पिळाच्या जोडतारेवर बाराशे मीटरपर्यंत जातं म्हणून. त्यासाठीची मॅक्स-४८५ ची दोन मोड्यूल मी आणली आहेत, तारही ओढून झाली. शनिवारी दुपारी घेऊन येते. बेदाणाही आणते, यंदाचा.

तुमची,
शेडवाली पोरगी