नाव बदलून माणूस लपत नाही

मिरज,
गुरुवार, रात्र

प्रिय वैशू,

तुझं पत्र दुपारीच मिळालं. घरात मानसिक छळ सोसणाऱ्या ज्या बायका शनिवारी तुझ्याकडे जमतात, त्यांच्या हकिगती दिवाळी अंकासाठी लिहिणार म्हणतेस. ‘नावं बदलणारच आहे’ या तुझ्या वाक्यावर मी अडकले.

नाव बदलून माणूस लपत नाही गं. मी घर सोडलं त्या वर्षी ज्या बाईंपाशी मन मोकळं केलं, त्यांनी एका हळदीकुंकवात माझी गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. हेतूही चांगला होता, ऐकणारीला धीर यावा. पण ‘नवरा रोज रात्री खर्चाची वही तपासायचा, दोन रुपयांचा हिशेब लागला नाही तर चार-चार दिवस अबोला धरायचा’ एवढं पुरलं. नणंदेची जाऊ तिथेच बसली होती. आठ दिवसांत फोन आला, “घरातलं वेशीवर टांगलंस ना?” पुढे सहा महिने मी कुणापाशी तोंड उघडलं नाही. नवऱ्याच्या टोमण्यांपेक्षा हे जास्त लागलं होतं.

अंगावरचा वळ दाखवता तरी येतो. मानसिक छळात बाईजवळ बहुतेक वेळा तिचं सांगणंच काय ते असतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसाच म्हटलंय. त्याच कायद्याच्या कलम १६ मुळे सुनावणी बंद दाराआड घेता येते. तिथे न्यायाधीशसुद्धा दार लावून ऐकू शकतात, वैशू. तुझ्या ओसरीला दार नाही, म्हणून जास्त जपायला हवं.

आणि या बायकांचा जो व्हॉट्सॲप ग्रुप केलायस, तो मोडून टाक. त्यात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. एखादीचं व्हॉट्सॲप नवऱ्यानं स्वतःच्या लॅपटॉपला जोडलेलं असेल, तर तू पाठवलेलं तो तिकडे बसून वाचेल. फोन कधी करायचा आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं, हे तिलाच विचार. माझ्या फोनमध्ये एक मैत्रीण कित्येक वर्षं ‘ब्लाउज शिवणारी’ होती! फोटो तर काढूच नकोस, पाठमोरासुद्धा नको. साडी ओळखतात लोक.

लिहायचंच असेल तर लिहून झाल्यावर जिचं तिला वाचून दाखव. गाव, मुलांची संख्या, नोकरी, घरातली एखादी लकब, ती म्हणेल ते काढ. आधी हो म्हणून छापायच्या आदल्या दिवशी नको म्हणाली, तरी कारण विचारू नकोस. कागद तिच्या हातात दे.

अंकाला पानं कमी पडली तर माझी गोष्ट घे. खर्चाच्या वहीसकट, नावासकट. आता मला चालेल.

तुझी,
नंदा