टोयोटाचं नाव कशावर उभं राहिलं, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनला होणाऱ्या टोयोटाच्या मोटार प्लांटबद्दल आपल्या पेपरात जे जे येतं ते मी आवर्जून वाचतो. जुलै २०२४ मध्ये मुंबईत करार झाला तेव्हापासून बघतोय, बातमी आली की सुमारे वीस हजार कोटींची गुंतवणूक, जमिनीचे भाव कुठे गेले, कुठल्या पुढाऱ्याने कुणाचे आभार मानले, एवढंच असतं. ही कंपनी मुळात आहे काय, जगात तिचं नाव कशामुळे झालं आणि मधेमधे ते नाव खराब का झालं, याबद्दल एक कॉलमही नाही. आपल्याकडे टोयोटा म्हणजे पुढाऱ्यांच्या ताफ्यातली पांढरी फॉर्च्युनर, नाहीतर लग्नात मुलाकडच्यांनी मागितलेली गाडी, आणि या दुसऱ्या गोष्टीचा तर मला मनापासून संताप येतो. मी वाळूजला एका छोट्या युनिटमध्ये बरीच वर्षं क्वालिटीचं काम केलंय, म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबलंय पण शक्य असेल तर काटछाट न करता छापा.

ही कंपनी मोटारीतून नाही, कापड विणायच्या मागातून जन्माला आली. साकिची टोयोडा हा एका सुताराचा मुलगा, १८६७ चा जन्म, गावात घरोघरी बायका हातमागावर राबायच्या, त्याची आईपण, आणि ते कष्ट बघूनच त्याने मागावर डोकं चालवायला सुरुवात केली असं सांगतात. १८९१ मध्ये त्याला लाकडी हातमागाचं पेटंट मिळालं, पाचेक वर्षांनी यंत्रमाग आला, आणि मग १९२४ मध्ये जी टाइप नावाचा ऑटोमॅटिक माग. त्याची करामत अशी की धोट्यातलं, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळीतलं, सूत संपत आलं तर माग चालू असतानाच धोटा बदलायचा, पण ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक जरी धागा तुटला तरी माग आपोआप थांबायचा. आमचं मूळ घर इचलकरंजीचं, त्यामुळे यात एवढं काय आहे हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. साध्या मागावर धागा तुटला आणि कामगाराचं लक्ष नसलं तर वारच्या वार कापड खराब निघतं आणि ते खराब आहे हे नंतर कळतं. माग स्वतःच थांबतोय म्हटल्यावर एक माणूस कितीतरी माग सांभाळू शकतो आणि खराब कापड पुढे जातच नाही. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने, म्हणजे त्या काळी ज्यांचे माग जगभर जायचे त्यांनी, या मागाचे हक्क एक लाख पौंडाला घ्यायचा करार केला. जपान्याकडून इंग्रजाने यंत्राची विद्या विकत घ्यायची, १९२९ साली, हे किती मोठं आहे याचा विचार करा.

साकिची १९३० मध्ये गेला. मुलगा किइचिरो याने मागाच्याच कंपनीत १९३३ मध्ये मोटारीचा विभाग काढला, १९३५ मध्ये पहिला ट्रक विकायला आला, आणि तो ट्रक वाईट होता हो, रस्त्यात बंद पडायचा, कंपनीची माणसं धावत जाऊन दुरुस्त करायची आणि काय मोडलं ते लिहून आणायची. १९३७ मध्ये वेगळी टोयोटा मोटर कंपनी झाली. युद्ध झालं, जपान बेचिराख झाला, १९५० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात, कामगार कमी करावे लागले, मोठा संप झाला आणि किइचिरोने त्याची जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि अमेरिकन लष्कराच्या ट्रकच्या ऑर्डरींनी कंपनी तरली, पण किइचिरो १९५२ मध्ये वारला, पुढचं वैभव त्याने बघितलंच नाही. मालकाच्या खुर्चीत बसलेल्याने राजीनामा द्यायचा ही गोष्ट मला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते.

पुढचं काम ताइची ओनो या माणसाचं. हा पण आधी टोयोडाच्या सूतगिरणीतला, १९४३ मध्ये मोटारीकडे आला. त्याने मागाचीच गोष्ट असेंब्ली लाईनला लावली. लाईनवर डोक्यावर दोरी, कुठल्याही कामगाराला काही चुकीचं दिसलं तर त्याने दोरी ओढायची, दिवा लागतो, लीडर धावत येतो, तेवढ्या वेळात सुटलं नाही तर लाईन थांबते. आणि मग कुणाची चूक हे विचारायचं नाही, का झालं हे विचारायचं, एकदा नाही तर पाच-पाच वेळा, मूळ सापडेपर्यंत. याशिवाय लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच बनवायचं आणि आणायचं, गोदामात ढीग लावायचा नाही. आपल्याकडे मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये हे दुसरं खूप शिकवतात, जस्ट-इन-टाईम, कानबान (कुठला माल कधी हवा ते सांगणारी चिठ्ठी) वगैरे, कारण त्यात पैसे वाचतात. पहिल्याचं, म्हणजे दोरी ओढून लाईन थांबवण्याचं, फक्त पोस्टर लावतात. मी ज्या युनिटमध्ये होतो तिथे भिंतीवर पोस्टर होतं आणि लाईन थांबवली की त्या पोराला ऑफिसात बोलावणं यायचं, त्यामुळे सगळे गप्प बसायचे आणि खराब पार्ट पुढे जायचे. नाव घेत नाही, कारण ही एकाच ठिकाणची गोष्ट नाही.

कुणी म्हणेल हे जपानी लोकांचं रक्तातच आहे, आपल्याला जमणार नाही. तर कॅलिफोर्नियात फ्रेमॉंटला जनरल मोटर्सचा एक प्लांट होता, तिथली क्वालिटी इतकी वाईट आणि मालक-कामगार भांडण इतकं टोकाला गेलेलं की १९८२ मध्ये तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाने जीएमबरोबर भागीदारीत तोच प्लांट सुरू केला, तीच युनियन, बहुतेक कामगारही तेच, त्यातल्या काहींना जपानला नेऊन शिकवलं, दोरी हातात दिली आणि दोनेक वर्षांत तिथली गाडी जपानच्या गाडीच्या तोडीची निघायला लागली. कामगार बदलले नव्हते, त्यांच्याशी वागायची पद्धत बदलली होती.

आता नाव खराब कशामुळे झालं तेही लिहितो, कारण मला कंपनीची जाहिरात करायची नाही. २००९ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ टोयोटाचीच एक लेक्सस गाडी थांबेचना, चौघे गेले, पायाखालचं मॅट ॲक्सिलरेटरमध्ये अडकत होतं. मग अडकणारे पेडल निघाले, लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, २०१० मध्ये किइचिरोचा नातू आकिओ टोयोडा अमेरिकन संसदेच्या समितीपुढे जाऊन बसला आणि आम्ही फार वेगाने वाढलो असं कबूल केलं. २०१४ मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल कंपनीने १.२ अब्ज डॉलर भरले. म्हणजे गाडीतला दोष एक, आणि तो वेळेवर न सांगणं हा दुसरा, आणि लोकांना जास्त लागलं ते दुसरं.

त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्याच मालकीच्या डायहात्सू कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. ६४ मॉडेलांच्या टेस्टमध्ये गैरप्रकार, सगळ्यात जुना १९८९ मधला. एका टेस्टमध्ये तर एअरबॅग सेन्सरने उघडायच्या ऐवजी टायमर लावून उघडली होती, आणि चौकशी समितीने लिहिलं की वेळापत्रक इतकं आवळलेलं होतं की खालच्या माणसाला हे जमत नाही असं वर सांगायची सोयच नव्हती. आणि जानेवारी २०२४ मध्ये टोयोटा इंडस्ट्रीजच्या डिझेल इंजिनांच्या टेस्टमध्ये वेगळं सॉफ्टवेअर घालून आकडे सरळ दाखवल्याचं उघड झालं, त्यात आपल्याकडच्या इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्सची इंजिनं होती आणि काही दिवस या गाड्यांची रवानगी थांबवली होती. टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे कोण, तर साकिचीने मागासाठी काढलेली तीच मूळची कंपनी. ज्या घरात धागा तुटला की थांबायचं हे जगाला शिकवलं त्याच घरात हे झालं, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं.

आणि वाळूज, शेंद्र्यातल्या आपल्या छोट्या कारखानदारांसाठी अजून एक गोष्ट. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये आयसिन या व्हेंडरच्या, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीच्या, कारखान्याला आग लागली, ब्रेकचा एक छोटासा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच यायचा, टोयोटाकडे जेमतेम काही तासांचा स्टॉक, सगळा कारभार ठप्प. मग बाकीचे व्हेंडर आणि त्यांचेही व्हेंडर ड्रॉइंग मागवून व्हॉल्व्ह बनवायला बसले, त्यात ब्रदर ही शिवणयंत्रं बनवणारी कंपनी पण होती, आणि आठवड्याभरात प्लांट परत चालू झाले. हे का जमलं, तर वर्षानुवर्षं व्हेंडरला शिकवलं होतं, त्याच्याकडे जाऊन त्याचं काम सुधारून दिलं होतं. आपल्याकडे मोठ्या कंपनीचा माणूस व्हेंडरकडे येतो तो दरवर्षी रेट कमी करायला.

किर्लोस्करांचं नाव या कंपनीशी जोडलेलं आहे हे तरी आपल्या लोकांना माहीत असावं. बेळगावात सायकली दुरुस्त करणारे, मग लोखंडी नांगर बनवणारे लक्ष्मणराव, त्यांच्या चौथ्या पिढीतल्या विक्रम किर्लोस्करांनी १९९७ मध्ये टोयोटाला भारतात आणलं, आणि त्याच्याही आधी दोघांची भागीदारी होती ती कापडगिरणीच्या यंत्रांची. २००० मध्ये क्वालिस आली, २००५ मध्ये इनोव्हा, आणि आमच्याकडचे टूरवाले तीन-चार लाख किलोमीटर झाले तरी इंजिन उघडलं नाही म्हणून सांगतात. हा सगळा पसारा बंगळुरूजवळ बिडदीला उभा राहिला, महाराष्ट्रात नाही. तिथे २००७ पासून कंपनीची एक ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे, कर्नाटकातल्या खेड्यातल्या गरीब घरच्या पोरांना तीन वर्षं ठेवून घेऊन शिकवतात. आणि तिथेच नोव्हेंबर २०२० मध्ये एका कामगाराच्या निलंबनावरून संप आणि टाळेबंदी झाली, कामाचा बोजा झेपत नाही ही कामगारांची तक्रार होती, ते प्रकरण काही महिने चाललं.

म्हणून माझं म्हणणं असं की सरकारने कंपनीला जमीन, पाणी, सवलती देताना बिडदीसारखी इन्स्टिट्यूट बिडकीनला आधी मागावी, प्लांटच्या आधी, आणि पैठण, गंगापूर, कन्नडच्या पोरापोरींना तिथे मराठीतून शिकता यावं. आमच्या आयटीआयमध्ये पोरं हुशार आहेत, मशिनी जुन्या आहेत. आणि स्थानिक व्हेंडरला काम देताना नुसता रेट नको, त्याच्याकडे येऊन शिकवायचं पण लेखी ठरू दे. आपल्या पेपराने एवढं करावं की एक वार्ताहर बिडदीला पाठवावा, इन्स्टिट्यूटमधल्या पोरांशीही बोलावं आणि युनियनच्या लोकांशीही, लाईनवरची दोरी ओढली तर तिथे खरंच काय होतं हे विचारावं, आणि ते जसंच्या तसं छापावं. ज्यांच्या जमिनी गेल्यात त्या घरातली पोरं दहावी-बारावीनंतर काय करायचं हे आत्ता ठरवतायत, त्यांच्या हातात हे लवकर पडायला हवं.

आपला,
एक वाचक, वाळूज