चंद्रकांतदादा, कसब्यात पक्ष पुन्हा उभा करायचा तर

पुणे, मार्च 2023

मा. ना. श्री. चंद्रकांतदादा पाटील,
पालकमंत्री, पुणे जिल्हा

सप्रेम नमस्कार.

2 मार्चला पुण्यातल्या कसबा विधानसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे 11 हजार मतांनी निवडून आले. त्याच दिवशी चिंचवडची जागा तुमच्या पक्षानं, भाजपनं, राखली, म्हणून 'एक गेली, एक राहिली' असा हिशेब मांडून विषय मिटवायची घाई आत्तापासूनच दिसते आहे. दादा, तो हिशेब मांडू नका. चिंचवडला राहुल कलाटे यांच्या बंडखोरीनं विरोधी मतं फुटली आणि तिथले आमदार लक्ष्मणभाऊ जगताप गेल्याची हळहळ लोकांच्या मनात होती. कसब्यात सरळ सामना झाला. जिथे सरळ सामना झाला तिथे पक्ष हरला, आणि तोही 1995 पासून एकदाही न सोडलेल्या जागेवर.

मी पक्षाचा सदस्य नाही, मतदार आहे. आमच्या घरानं जनसंघाच्या पणतीला मतं दिली, मग कमळाला दिली. मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री, निम्मं मंत्रिमंडळ पेठांच्या गल्ल्यांतून फिरत होतं, तेव्हाच आमच्या भागातली जुनी माणसं एकमेकांना विचारत होती की एवढ्या सगळ्यांना यावं का लागतंय? ज्यांच्या निधनानं ही पोटनिवडणूक लागली, त्या मुक्ताताई टिळक 2019 मध्ये इथून सुमारे 28 हजारांनी आल्या होत्या. त्या वेळी एवढी फौज लागली नव्हती.

पराभवाची जी कारणं तुमच्या लोकांकडून ऐकू येतात, त्यांतलं पहिलं असं की 'आपला मतदार कसब्यात उरलाच नाही, तो कोथरूड, बाणेर, सिंहगड रोडला गेला.' गेला हे खरं आहे. पण तो का गेला, हे कुणी विचारत नाही. दुसरं कारण उमेदवार हेमंत रासने यांच्या जातीचं. टिळकांच्या घरात तिकीट दिलं असतं तर ब्राह्मण मतदार दुखावला नसता, असं सांगितलं जातं. दुखावला असेल. पण कसबा म्हणजे फक्त सदाशिव-नारायण नव्हे. तांबट आळी, कुंभारवाडा, बुरूड आळी, रविवार पेठेतले व्यापारी, लोहियानगरच्या वस्त्या, हे सगळं मिळून कसबा होतो, आणि या सगळ्यांनी मिळून इथे सलग सहा वेळा आमदार निवडून दिला. पराभवाचं सगळं उत्तर जातीच्या गणितात शोधलंत तर पुढच्या वेळी गणित तेवढं बदलेल, बाकी सगळं जसंच्या तसं राहील.

'पोटनिवडणूक वेगळी असते' हे तिसरं कारण मला मुळीच मान्य नाही. डिसेंबर 2020 मध्ये पुणे पदवीधर मतदारसंघ गेला. दादा, तो तर तुमचाच जुना मतदारसंघ. तिथे राष्ट्रवादीचे अरुण लाड निवडून आले, त्याच वेळी नागपूर पदवीधरही गेला. परवाच, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, नागपूर शिक्षक आणि अमरावती पदवीधर गेले. पदवीधर, शिक्षक, पेठेतला नोकरदार आणि पेन्शनर, हाच या पक्षाचा सर्वांत जुना आधार. पक्ष दोन खासदारांचा होता तेव्हाही हा वर्ग सोबत होता. तो एकेक करून हात काढून घेतो आहे आणि प्रत्येक वेळी पक्ष त्या जागेपुरतं एक वेगळं कारण शोधतो आहे.

1984 च्या पराभवानंतर, लोकसभेत दोनच जागा आल्या तेव्हा, पक्षानं कार्यगट नेमून स्वतःची तपासणी केली होती. आपलं धोरण चुकलं का, संघटना चुकली का, हे प्रश्न उघडपणे घेतले होते. आज पक्ष तेव्हापेक्षा कितीतरी मोठा आहे, मग एका कसब्याची तेवढ्याच सरळपणे तपासणी करायला काय हरकत आहे?

तपासणी करणार असाल तर सुरुवात 1991 पासून करा. अण्णा जोशी खासदार झाले म्हणून त्या वर्षी कसब्यात पोटनिवडणूक लागली. पक्षाचे उमेदवार गिरीश बापट होते आणि ते काँग्रेसच्या वसंत थोरातांकडून हरले. आज 'बालेकिल्ला' म्हणून ज्याच्या नावानं गळा काढला जातो, तो किल्ला ज्यानं बांधला त्याची इथली सुरुवात पराभवानं झाली होती. 1983 पासून नगरसेवक असलेला हा माणूस हरल्यावर मुंबईला किंवा दिल्लीला गेला नाही. तो पेठेतच राहिला. गणपती मंडळाच्या बैठकीला, मयताला, नळाच्या तक्रारीला, काँग्रेसवाल्याच्या घरच्या मुंजीलासुद्धा तो हजर असे. 1995 ला जिंकला आणि पुढे 2014 पर्यंत सलग पाच वेळा जिंकला. मधे 1996 ला लोकसभा हरला, तरी वागणं बदललं नाही. या मतदारसंघात पक्ष पराभवातून कसा उभा राहिला याचं उत्तर इथेच घडलेलं आहे, ते बाहेरून आणावं लागत नाही.

आता धंगेकरांकडे पाहा. प्रचारात 'हू इज धंगेकर?' हे वाक्य फार गाजलं. पेठांना हा प्रश्न पडलाच नव्हता. शिवसेना, मनसे, काँग्रेस असे पक्ष त्यांनी बदलले, 2009 मध्ये मनसेकडून उभे राहून गिरीशभाऊंना घाम फोडला, पण राहिले पेठेतच, दुचाकीवर फिरत. ड्रेनेज तुंबलं की माणसं त्यांना फोन करतात. गिरीशभाऊंची पद्धत समोरच्या पक्षात गेली, दादा, आणि ती जिथे गेली तिथे मतं गेली. मला वाटतं या निकालाचा गाभा एवढाच आहे.

पक्षाकडे यंत्रणा कमी नाही. बूथप्रमुख आहेत, पन्नाप्रमुख आहेत, मतदार यादीच्या प्रत्येक पानाला माणूस नेमलेला आहे. पण हा माणूस मतदानाच्या आधी पंधरा दिवस दारात येतो, स्लिप देतो, मोबाइलमध्ये नोंद करतो आणि जातो. त्याला विचारावं, 'आमच्या वाड्याच्या नोटिशीचं काय झालं?' तर तो म्हणतो, 'साहेबांना सांगतो.' पूर्वीचा कार्यकर्ता साहेबांना सांगत नसे, आपल्याला घेऊन पालिकेत जात असे. पन्नाप्रमुखाला पानावरच्या माणसांची मतं मोजायला लावण्याऐवजी त्यांची कामं मोजायला लावा. नव्यानं उभं राहणं इथून सुरू होईल.

नगरसेवकच नाहीत, तर कामं कोण करणार, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. मार्च 2022 पासून पुणे महापालिकेत प्रशासक आहे. 2017 मध्ये पुणेकरांनी 162 पैकी नव्वदहून अधिक जागा तुम्हाला दिल्या होत्या, आणि आज त्यांतल्या एकाच्याही नावापुढे 'माजी' लावल्याशिवाय बोलता येत नाही. निवडणुका कोर्टात अडकल्या आहेत हे मान्य. पण प्रभाग तीन सदस्यांचा की चारचा, हा खेळ दोन्ही बाजूंच्या सरकारांनी खेळला. आधीच्या सरकारनं तीनचा केला, तुमच्या सरकारनं गेल्या ऑगस्टमध्ये पुन्हा 2017 ची रचना आणली. चार सदस्यांच्या प्रभागात मत पक्षाला मिळतं, जबाबदारी मात्र कुणाचीच राहत नाही. एक म्हणतो ते 'ब' गटाचं काम, दुसरा म्हणतो 'क' गटाचं. संघटनेच्या ताकदीवर जिंकायला ही रचना सोयीची आहे, पण माणसाशी माणसाची बांधिलकी ती मोडते, आणि त्या बांधिलकीवरच हा पक्ष पेठांत वाढला होता. निवडणुका लवकर व्हाव्यात म्हणून सरकारनं मनापासून जोर लावावा. हरायची भीती असली तरी लावावा.

आता मतदार का गेला त्याकडे येतो. शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला जाऊन विचारा. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, त्यापुढे 200 मीटर परवानगीची कटकट. 2010 च्या दुरुस्तीनं हा कायदा कडक झाला. स्मारक जपायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण त्या वर्तुळात माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांचे वाडे शंभर-सव्वाशे वर्षांचे झाले, तुळया वाकल्या, दर पावसाळ्याआधी पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते, आणि पाडून बांधायचं म्हटलं तर कायदा आडवा येतो. 2018 च्या सुरुवातीला लोकसभेनं या कायद्यात दुरुस्ती मंजूर केली, ती कशासाठी? केंद्र सरकारच्या सार्वजनिक बांधकामांना या पट्ट्यात वाट मिळावी म्हणून. तिथे राहणाऱ्या माणसासाठी त्यात ओळही नव्हती. पुढे राज्यसभेत ते विधेयक अडकलं ते अडकलंच.

100 मीटरच्या बाहेरच्या वाड्यांची गत थोडीच बरी आहे. मालक आणि भाडेकरू यांचा वाद, लहान प्लॉट, अरुंद बोळ, बाजूला सोडायच्या जागेचे नियम. अर्ध्या गुंठ्याच्या वाड्यात चारी बाजूंनी जागा सोडली तर बांधायचं कुठे? दोन-तीन वाडे एकत्र आणून पुनर्विकास करायला सरकारनं सल्ल्याची, पैशाची, कायद्याची मदत दिली असती तर निम्मी घरं इथेच राहिली असती. त्याऐवजी मुलगा बाणेरला फ्लॅट घेतो, आई-वडील वाड्यात राहतात, मग तेही जातात, आणि वाड्याच्या जागी खाली दुकानं आणि वर गोदाम होतं. 'आपला मतदार गेला' तो असा गेला.

हा पक्ष स्वतःला परंपरेचा राखणदार म्हणवतो. मीही त्यासाठीच मत देत आलो. मला मान्य असलेला परंपरावाद साधा आहे: जे चांगलं चालत आलंय ते मोडू नये, जे मोडकळीला आलंय ते वेळेत दुरुस्त करावं, आणि दिलेला शब्द पाळावा. कसबा गणपतीला, जोगेश्वरीला नेते येतात, हार घालतात, फोटो निघतात. पण त्या देवळांभोवतीची माणसंच राहिली नाहीत तर परंपरा कोण चालवणार? तांबट आळीत हातोडीचा ठोका वाजवणारी घरं किती उरली, हा पक्षाच्या बैठकीतला पहिला प्रश्न असायला हवा. त्याऐवजी प्रचारात धर्माच्या नावानं आवाज चढवला गेला. पेठेतल्या माणसाला हिंदुत्व शिकवावं लागत नाही, तो सकाळी आरती करूनच मतदानाला जातो. त्याला हवा होता घरपट्टीचा निकाल.

घरपट्टीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला 40 टक्के सवलत पुण्यात 1970 पासून होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि 2019 मध्ये ती गेली. तेव्हा राज्यात सरकार तुमचं होतं, पालिकेत सत्ता तुमची होती. नंतर फरकाची रक्कम भरा म्हणून लोकांच्या मागे लागणं सुरू झालं. पन्नास वर्षं चालत आलेली रीत एका आक्षेपानं मोडू दिली गेली, आणि ती वाचवायला परंपरा मानणारा पक्ष उभा राहिला नाही, ही सल पेन्शनवर घर चालवणाऱ्याच्या मनात राहिली. तिकडे मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना गेल्या वर्षी करमाफी मिळाली. तुलना होणारच होती. सवलत परत द्या, पूर्वीच्या तारखेपासून द्या, आणि फरक भरलेल्यांचा पैसा पुढच्या बिलात वळता करा.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितो. गेल्या जूनमध्ये मुक्ताताई दुखणं अंगावर घेऊन रुग्णवाहिकेतून विधान भवनात मतदानाला गेल्या, लक्ष्मणभाऊही गेले. दोघंही आज नाहीत. आणि या प्रचारात गिरीशभाऊंना नाकात ऑक्सिजनची नळी लावलेली असताना व्हीलचेअरवरून केसरीवाड्यात आणलं. ही त्यांची निष्ठा होती आणि तिच्यापुढे मी हात जोडतो. पण नेतृत्वानं त्यांना 'तुम्ही घरी थांबा, आम्ही आहोत' असं म्हणायला हवं होतं. माणसं हे सगळं पाहतात, दादा. आमच्या भागातल्या बायकांमध्ये त्या दिवशी दुसरा विषय नव्हता.

आणि फोडाफोडी. गेल्या जूनमध्ये शिवसेना फुटली, त्यातून सरकार आलं. कायद्याच्या बाजूवर कोर्ट बोलेल. पण पेठेतला पारंपरिक मतदार स्थैर्य मानणारा असतो. चाळीस वर्षं एका पक्षात राहिलेल्या कार्यकर्त्याला सतरंज्या उचलायला ठेवायचं आणि काल आलेल्याला खुर्ची द्यायची, हे त्याला रुचत नाही. पैसे वाटल्याचे आरोप दोन्ही बाजूंनी झाले. खरे-खोटे तपास ठरवेल. पण या पक्षाबद्दल असा आरोप पूर्वी पेठेत कुणी ऐकूनसुद्धा घेतला नसता. आज लोक ऐकून घेतात, हेच मला जास्त लागतं.

जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी 1957 मध्ये मावळातून आमदार झाले, पुढे पुण्यातूनही झाले. आमदार म्हणून वर्षभरात काय केलं याचा अहवाल ते मतदारांसमोर ठेवत. त्यांच्या नावानं प्रबोधिनी आहे, तिथे कार्यकर्त्यांची शिबिरं होतात. त्या शिबिरांत हा एक धडा सक्तीचा करा: पद असो वा नसो, जिंका किंवा हरा, वर्षातून एकदा भागातल्या लोकांपुढे बसून हिशेब द्यायचा. व्यासपीठ नको, सतरंजी पुरे. ध्वनिवर्धक नको आणि निवडक प्रश्नही नकोत.

22 मार्चला पाडवा आहे. त्यानंतरच्या एखाद्या रविवारी तुम्ही, हेमंत रासने आणि कसब्यातले सगळे माजी नगरसेवक पेठेतल्या एखाद्या शाळेच्या सभागृहात बसा. सोबत पालिकेचा मिळकत कर विभागाचा अधिकारी आणि पुरातत्त्व खात्याची परवानगी प्रक्रिया जाणणारा माणूस ठेवा. हारतुरे, फोटो, घोषणा नकोत. नोटिसा घेऊन वाडेवाले येतील, बिलं घेऊन पेन्शनर येतील, तांबट आळीतले कारागीर येतील, धंगेकरांना मत दिलेलेही येतील. चार तास फक्त ऐका आणि लिहून घ्या. दोन महिन्यांनी त्याच सभागृहात परत या आणि कोणतं काम झालं, कोणतं होणार नाही आणि का, ते वाचून दाखवा. दिवस कळवा, आमच्या गल्लीतल्या दहा-बारा घरांना घेऊन मी येतो.

आपला,
कसबा मतदारसंघातला एक मतदार