मॅचिंग सेंटरच्या काकूंना

ती. स्व. काकूंना,
सा. नमस्कार.

इंदूरच्या शीतलामाता बाजारातलं दुकान बंद करून तुम्ही मुलाकडे पुण्याला राहायला गेलात, हे आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी उज्जैनच्या दौऱ्यावर होतो. भेट राहून गेली. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. ते चारचौघांसमोर लिहितोय, कारण तुमचे उपकार मी आजवर एकदाही तोंडाने बोलून दाखवलेले नाहीत.

2009 साली बाबा गेले आणि चारच महिन्यांनी मला औषध कंपनीत एमआरची, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणाऱ्या प्रतिनिधीची, नोकरी लागली. टाय सक्तीचा होता. नवे शर्ट घ्यायला पैसे नव्हते. बाबांचे सहा शर्ट कपाटात होते, ते खांद्यात थोडे आत घेऊन मला बसवले. पण बाबांना प्लेन कापड कधी आवडलंच नाही. तीन शर्ट पट्ट्यांचे, दोन चौकड्यांचे, एक बारीक ठिपक्यांचा. पहिल्याच आठवड्यात एका वरिष्ठांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘असल्या शर्टावर टाय लावायचा नसतो. पांढरा घालून ये.’ मी रात्री बाबांचे शर्ट परत घडी करून ठेवले. दुसऱ्या दिवशी आई ब्लाउजपीस घ्यायला तुमच्याकडे आली, तिच्याबरोबर मी होतो. माझा चेहरा पाहून तुम्ही विचारलंत, आणि मी सगळं सांगून टाकलं. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘सगळे शर्ट घेऊन ये उद्या. दुपारी ये, गर्दी नसते.’

ती दुपार मला आजही जशीच्या तशी दिसते. ब्लाउजच्या टू-बाय-टू कापडाच्या ताग्यांमध्ये तुम्ही बाबांचे सहाही शर्ट गादीवर पसरलेत आणि आधी टायचा विषयच काढला नाही. स्वतःच्या अंगावरच्या महेश्वरी साडीचा पदर पुढे घेतलात. ‘हे बघ. पदरावर पाच आडवे पट्टे, तीन रंगीत, दोन पांढरे. अंगभर बारीक चौकडा. काठावर चटईची वीण. किती प्रकार झाले? तीन. भांडतायत का एकमेकांशी?’ भांडत नव्हते. ‘का नाही भांडत?’ मला सांगता येईना. मग तुम्हीच समजावलंत: चौकडा नखाएवढा, पट्टा बोटभर रुंद, म्हणजे मापं वेगळी, आणि काठातला एक रंग अंगात धाग्याधाग्याने उतरलेला, म्हणजे नातं आहे. माप वेगळं आणि रंगाचं नातं, दोन्ही हवं. इरकलीवर खणाची चोळी शोभते तीही याच कारणाने, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत.

त्यानंतर मी शर्ट-टायवर बरंच वाचलं. लंडनच्या शिंप्यांपासून न्यूयॉर्कच्या दुकानदारांपर्यंत सगळे जे सांगतात, त्याचा गाभा तुमच्या त्या वाक्यात होता.

मग एकेक शर्ट हातात घेतलात. बाबांचा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, पट्टा साधारण पाव इंचाचा. कापडवाले त्याला बंगाल स्ट्राइप म्हणतात हे मला मागाहून कळलं. त्यावर तुम्ही आधी तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्यांचा ब्लाउजपीस घडी घालून टायसारखा धरलात आणि म्हणालात, ‘डोळे किलकिले कर.’ सगळं गढूळ झालं, टाय कुठे संपतो आणि शर्ट कुठे सुरू होतो ते कळेना. मग दीड इंची पट्ट्यांचा तुकडा धरलात, तो लगेच उठून दिसला. चौकड्याच्या शर्टावर तुम्ही कोयरीचा तुकडा ठेवलात. सरळ रेघांवर वळणाची कोयरी इतकी छान बसली की शेजारी फॉल लावून घ्यायला आलेल्या बाईही ‘अरे वा’ म्हणाल्या. आपल्या कोयरीला इंग्रजीत पेझली म्हणतात. काश्मिरी शालींवरच्या बुट्ट्याची नक्कल विणणाऱ्या स्कॉटलंडमधल्या पेझली गावावरून ते नाव पडलं, हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तुम्हीच आठवलात. ठिपक्यांच्या शर्टाशी तुम्ही फार वेळ घालवला नाहीत. ‘याला प्लेन टाय, पण जाड विणीचा,’ म्हणालात, आणि ते तंतोतंत खरं निघालं. विणकामाचा टाय त्या शर्टावर मी वर्षानुवर्षं लावला.

रंग ठरवताना मात्र तुम्ही मला दुकानात थांबूच दिलं नाहीत. शर्ट आणि तुकडे घेऊन बाहेर रस्त्यावर, उन्हात उभं केलंत. ट्यूबलाइटखाली एकच वाटणारे दोन निळे उन्हात वेगळे दिसले, एक जांभळ्याकडे झुकलेला, एक हिरव्याकडे. ‘डॉक्टर तुला दिवसा भेटणार, मग दिवसाच्या उजेडातच बघ.’ तेव्हापासून मी टाय घेताना दुकानदाराला सांगून दारापर्यंत जातो. टाय शर्टाहून गडद हवा आणि शर्टातला एखादा रंग त्यात असावा, शक्यतो पार्श्वभूमीचा नव्हे, रेघेचा, हेही त्या उन्हातलंच शिक्षण.

दुसऱ्या आठवड्यात मी माझा पहिला टाय दाखवायला आणला. तुम्ही तो दोन टोकांना धरून हलकेच ताणलात, तो लांबला आणि परत जागेवर आला. ‘उरेब कापलाय. बरोबर आहे, म्हणून गाठ बसते.’ ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावणाऱ्या हाताला ते एका ओढीत कळलं. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने 1920च्या दशकात टायचं कापड असं तिरकं कापून तीन तुकड्यांत शिवायची रीत काढली. त्याआधीचे टाय पिळवटायचे. टायवरचे पट्टे तिरके दिसतात तेही बहुतेक वेळा याच कापणीमुळे. आणि शर्टाचे उभे पट्टे नि टायचे तिरके पट्टे एकमेकांना छेद देतात म्हणूनच ती जोडी सुसह्य होते. (एवढं मात्र ब्रिटनमध्ये सांभाळावं लागतं: तिथे पलटणींचे, शाळांचे ठरलेले पट्टे असतात आणि दुसऱ्याचे घालणं बरं दिसत नाही.)

त्या वरिष्ठांबद्दल मनात राग नाही. बैठकीत ते इंदूरच्या यशवंतराव होळकरांचं चित्र दाखवायचे, फ्रेंच चित्रकार बुते द मोंव्हेल यांनी 1929 साली काढलेलं, पाश्चात्त्य पोशाखातलं. पांढरा बो, काळा कोट, अंगावर एकही रेघ नाही. ते चित्र सुंदरच आहे. पण तो संध्याकाळच्या मेजवानीचा पोशाख. सकाळी दहा वाजता दवाखान्याच्या बाकावर बसणाऱ्या माणसाचा नव्हे. त्याच काळात इंग्लंडचा राजपुत्र, जो पुढे ड्यूक ऑफ विंडसर झाला, चौकडा, पट्टे आणि ठिपके एकत्र घालून हिंडायचा आणि जग त्याची नक्कल करायचं. हे मला तेव्हा माहीत असतं तर बोललो असतो. तुमच्यामुळे बोलायची गरजच उरली नाही. तिसऱ्या महिन्यात एका वयस्क डॉक्टरांनी बाबांच्या शर्टाकडे बघून विचारलं, ‘टाय कोण निवडून देतं?’ मी म्हणालो, ‘आमच्या काकू.’

गेली सहा वर्षं नव्या मुलांना तयार करणं माझ्याकडे आहे. एखादा मुलगा संकोचून म्हणतो, ‘सर, माझ्याकडे चेक्सचेच शर्ट आहेत,’ तेव्हा मी त्याला ते घेऊन यायला सांगतो, दुपारी, आणि खिडकीपाशी उभा करतो. डोळे किलकिले करायला सांगतो. तुमचा धडा अजून पुरतो. मी त्यात एकाच गोष्टीची भर घातलीय. व्हिडिओ कॉलवर फार बारीक पट्टे किंवा चौकडे पडद्यावर लहरतात, कारण कॅमेऱ्याचे ठिपके आणि कापडाच्या रेघा एकमेकींत अडकतात. तिथे मोठं डिझाइन घालावं.

बाबांच्या सहांपैकी दोन शर्ट अजून घालण्याजोगे आहेत. निळ्या पट्ट्यांच्या शर्टाची कॉलर विरली होती, ती परवा उलटवून घेतली. शिंप्याने आतल्या शिलाईतून थोडं कापड काढलं, त्यातली एक चिंधी या पत्रासोबत पाठवतोय. दिवाळीनंतर पुण्यात भाचीचं लग्न आहे, तेव्हा तोच शर्ट घालणार. टाय अजून ठरलेला नाही. चिंधी गॅलरीत उन्हात धरून बघा आणि काय लावू ते कळवा. येताना जीरावन मसाला आणि लवंगशेव आणतो.

तुमचा,
सहा शर्टवाला