फुलानींच्या दुधाचीही बातमी यावी

महोदय,

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरिया किंवा माली या देशांतील फुलानी गुराख्यांचे नाव आपल्याकडे येते ते शेतकऱ्यांशी झालेल्या संघर्षाच्या बातमीतच. त्यांचे रोजचे जगणे कुठे दिसत नाही, याचे वाईट वाटते.

गुरे राखणे पुरुषांकडे, पण दुधावर हक्क बायकांचा. दही-लोणी करून, भोपळ्याच्या कवचाच्या भांड्यांत भरून त्या डोक्यावरून बाजारात नेतात आणि धान्य घेऊन परततात. नायजेरियात हे दही बाजरीच्या उंड्यांत कालवून खातात. मालीतील दियाफाराबे येथे पूर ओसरला की कळप नायजर नदी पोहून पार करतात. महिनोन्‌महिने दूर असलेली पोरे घरी येतात, धष्टपुष्ट कळपाच्या गुराख्याचा मान होतो. २००८ पासून ही परंपरा युनेस्कोच्या यादीत आहे.

कापणीनंतर शेतकरी खतासाठी फुलानींची गुरे शेतात बसवून घेत, आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या बसवतात तशीच. चराईच्या वाटा नांगराखाली गेल्या, पाऊस बेभरवशाचा झाला, तसा हा व्यवहार विस्कटला. भांडणांचे एक मोठे कारण हेच आहे, आणि ते बातमीत क्वचितच येते.

२०२६ हे संयुक्त राष्ट्रांचे कुरणे व पशुपालक वर्ष आहे. त्यानिमित्ताने आपण या समाजावर सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

– एक वाचक, फलटण