मत्स्यखाद्याच्या पिशवीवर जीवनसत्त्वाचा प्रकारही छापा

संपादक महोदय,

बोटुकलीत (बोटाएवढ्या मत्स्यपिल्लांत) वाकडे कणे आणि आखूड कल्लेझाकणे दिसू लागली की खाद्यावर क जीवनसत्त्वाची पूड टाकण्याचा सल्ला हमखास दिला जातो. ती पूड पिल्लांच्या पोटात फारशी पोहोचतच नाही, आणि एकदा वाकलेला कणा पुढे सरळही होत नाही. म्हणून ही काळजी जिरे (माशांची अगदी लहान पिल्ले) खाद्यावर येतात तेव्हापासूनच घ्यायला हवी.

गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) नसल्याने संवर्धनातील जवळपास सर्व मासे क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाहीत. ते कमी पडले की कोलॅजेन (हाडे, कूर्चा आणि त्वचेला बळकटी देणारे प्रथिन) नीट बांधले जात नाही. मग कणा, कल्ल्यांचे कूर्चे आणि जखमा भरणे, सगळेच बिघडते. गरज तशी थोडीच असते: किलोभर खाद्यात तिलापियाला सुमारे 20 मिलिग्रॅम, सायप्रिनसला (कॉमन कार्प माशाला) सुमारे 45. अडचण आहे ती टिकण्याची. साधे ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्वाचे मूळ रूप, खाद्य तयार होताना वाफेत आणि उष्णतेत बरेचसे नष्ट होते, उरलेले साठवणुकीत ओल, हवा आणि तांबे-लोहाच्या क्षारांमुळे घटत जाते. त्यातून पिल्लांचे खाद्य बारीक असते. कण जितका लहान, तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, त्यामुळे पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे पहिल्या काही मिनिटांतच धुऊन जातात. ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांच्याच खाद्यातून सर्वाधिक गळती होते.

यावर उपाय म्हणजे ॲस्कॉर्बिल मोनोफॉस्फेट. हे रूप उष्णता सहन करते आणि माशाच्या शरीरात त्यापासून क जीवनसत्त्व सुटे होते. बाजारातील पुडीत बहुधा 35 टक्केच सक्रिय अंश असतो, हे मात्र हिशेबात धरायला हवे. किलोला 100 मिलिग्रॅम द्यायचे तर पूड साधारण 285 मिलिग्रॅम लागते. एवढीशी पूड थेट पूर्ण खाद्यात टाकली तर कुठे जास्त, कुठे काहीच नाही असे होते. आधी मूठभर खाद्याच्या भुकटीत ती घोळवावी, मग हळूहळू प्रमाण वाढवत सगळ्यात मिसळावी. शेवटी किलोला 10-15 मिलिलिटर ताजे तेल चोळून सावलीत वाळवावे आणि खाद्य एक-दोन दिवसांत संपवावे. तेल ताजेच हवे. खवट तेल ई जीवनसत्त्व खाऊन टाकते आणि पिल्लांचे स्नायू झिजतात. खाद्यात घातले जाणारे कोलीन क्लोराइड हे पोषक द्रव्य ओल ओढून घेते, शेजारची जीवनसत्त्वे बिघडवते. ते आणि खनिज मिश्रण जीवनसत्त्वांच्या डब्यात ठेवू नये, खाद्य बनवतानाच एकत्र करावे.

कच्चे मासे दळून खाऊ घालणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. काही जातींत थायमिनेज हे ब-1 जीवनसत्त्व (थायमिन) मोडणारे विकर असते. ते त्या माशातले ब-1 तर मोडतेच, पण त्याच लगद्यात मिसळलेले वरचे ब-1ही मोडते. मासे आधी चांगले उकळून घेतले तर ते निष्क्रिय होते. पिल्ले तोल जाऊन गरगर फिरू लागली, झटके देऊ लागली, तर इतर कारणांबरोबर हीही शंका घ्यावी.

'जास्त घातले तर काय बिघडणार?' हा प्रश्न सर्वात घातक आहे. क आणि ब गटातले जास्तीचे बहुतांशी बाहेर पडते, पण अ आणि ड यकृतात साठतात. अ चा अतिरेक झाला तर लहान पिल्लांचा कणा वाकतो, म्हणजे दिसायला अगदी क च्या कमतरतेसारखे. फॉस्फरस कमी पडला तरी हाडे वाकडी होतात. म्हणून नुसते वाकडे पिल्लू पाहून पूड वाढवत नेणे थांबले पाहिजे.

मातीच्या तळ्यात प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) भरपूर असेल तर ही कमतरता बरीच झाकली जाते. टाक्या आणि पिंजऱ्यांत दाट साठवण असते, तिथे खाद्य हाच एकमेव आधार. म्हणून उत्पादकांना विनंती, की पिशवीवर 'जीवनसत्त्वयुक्त' एवढेच न छापता क कोणत्या रूपात आहे, सक्रिय अंश किती, उत्पादनाची तारीख कोणती आणि वापराच्या अखेरच्या तारखेपर्यंत किमान किती मात्रा शिल्लक राहील, हे छापावे. ग्राहकांनीही ही माहिती नसलेली पिशवी, विशेषतः जिऱ्यांसाठी, घेऊ नये.

आपला,
मत्स्यबीज संगोपन क्षेत्रातील एक वाचक