तिकिटं काढू नकोस, पाकिटं तशीच ठेव

प्रिय सुहास,

जुन्या टपाल पाकिटांचा गठ्ठा मिळालाय आणि त्यांवरची तिकिटं सोडवायची आहेत, हा तुझा मेसेज वाचला आणि बाकी सगळं ठेवून लिहायला बसलो. त्या गठ्ठ्यातल्या अमेरिकन युद्धनौकांच्या पाकिटांवरची तिकिटं प्लीज पाण्यात भिजवून काढू नकोस. एकही नको! तुझं सगळं कलेक्शन तिकिटांचं, त्यामुळे हात शिवशिवणार हे माहितीये मला, पण इथे तिकीट बहुतेक वेळा अगदी साधं असतं रे, खरी किंमत शिक्क्याची, आणि तो अर्धा तिकिटावर नि अर्धा कागदावर पडलेला असतो, तिकीट सोडवलंस की दोन्हीकडून गेलं.

१९०८ साली अमेरिकेत कायदा झाला आणि नौदलाच्या जहाजांवरच पोस्ट ऑफिसं सुरू झाली. त्याआधी खलाशांची पत्रं किनाऱ्यावर पोचायची आणि तिथल्या पोस्टाचा शिक्का बसायचा, जहाजाचा पत्ताच नाही त्यात. माझ्याकडे यू.एस.एस. ॲरिझोनाचं १९३० च्या दशकातलं एक पाकीट आहे, त्यावर वॉशिंग्टनचं जांभळं तीन सेंटचं तिकीट. शिक्क्यात डावीकडे गोल, त्याच्या कडेने जहाजाचं नाव, मधे तारीख आणि ए.एम., आणि उजवीकडे तिकिटावर आलेल्या आडव्या पट्ट्या. त्या पट्ट्यांच्या मधे बारीक अक्षरात सॅन पेड्रो, कॅलिफ. शाई थोडी फुटलीये पण वाचता येतं. बस, एवढ्यावरून ती बोट त्या दिवशी कुठल्या बंदरात होती ते कळतं, आणि मला तर हे कुठल्याही दुर्मिळ तिकिटापेक्षा भारी वाटतं. काही पाकिटांवर त्याच पट्ट्यांत नेव्ही डे वगैरे खास दिवसांची नावं पण सापडतील तुला. शिक्क्यांच्या या प्रकारांना लोसी सिस्टीम नावाच्या वर्गीकरणाप्रमाणे नंबर दिलेत, ते निवांत सांगतो.

आता महत्त्वाचं. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर सुरक्षेसाठी शिक्क्यांमधून जहाजांची नावं गेली, नुसतं यू.एस. नेव्ही राहिलं. अशी पाकिटं बिनकामाची समजून बाजूला टाकू नकोस, डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता बघ, बरेचदा जहाजाचं नाव तिथे सापडतं, आणि सेन्सॉरचा, म्हणजे पत्र तपासल्याचा, शिक्का असेल तर तोही जपायचा. एप्रिल १९४२ पासून सैनिकांना साध्या पत्राला तिकीटच लागत नव्हतं, तिकिटाच्या जागी हाताने फ्री लिहायचे. म्हणजे तिकीटवाल्याला त्यात काहीच नाही, आणि मी अशा पाकिटांसाठीच जीव टाकतो!

एक सावधगिरी मात्र बाळग. ७ डिसेंबर १९४१ तारखेचं ॲरिझोनाचं पाकीट निघालं किंवा कोणी विकायला आणलं तर आधी संशयच घ्यायचा. पर्ल हार्बरवरचा हल्ला त्याच रविवारी सकाळी आठच्या सुमारास सुरू झाला आणि काही मिनिटांत बोट फुटली, ११७७ माणसं गेली तिच्यावरची. त्या तारखेचे बनावट शिक्के मारून लोकांनी पैसे केलेत, मला खरंच राग येतो याचा.

छापील चित्रंवाली पाकिटं, म्हणजे जहाजाच्या कमिशनिंगची (जहाज सेवेत दाखल होण्याची) वगैरे, ती खास कलेक्टर लोकांसाठीच बनायची. दिसायला सुंदर असतात, ठेव नक्की. पण निवडायचं झालं तर मी खलाशाने घरी पाठवलेलं साधं मळकं पाकीटच उचलेन, आणि आत पत्र असेल तर ते पाकिटापासून वेगळं करू नकोस.

सेलोटेप अजिबात लावू नकोस, पीव्हीसीचे कव्हर पण नकोत, पॉलिस्टरचे स्लीव्ह घे. नोंद करायचीच असेल तर वेगळ्या कागदावर कर. आणि स्कॅन पाठवताना दोन्ही बाजू पाठव, मागच्या बाजूलाही कधी कधी शिक्के असतात. आधी ज्यांच्यावर जहाजाचं नाव स्पष्ट आहे ते पाठव, मग यू.एस. नेव्हीवाले एकेक करून कुठल्या जहाजाचे ते दोघं मिळून शोधू.

तुझा,
मकरंद